एस्तेरचं बोट

“टोचतंय,” ती म्हणाली आणि डावा हात माझ्यापुढं धरला. तर्जनीच्या कडेला बारीक लाल ओरखडे उठले होते.

“नव्या गिटारीनं?”

“हो, हिच्यानंच. मामानं बहरैनहून पाठवली. हात खाली-वर केला की मानेवरच्या या धातूच्या पडद्यांची टोकं लागतात.”

तिनं पिशवीची चेन उघडली आणि गिटार माझ्यासमोरच्या चटईवर ठेवली. इलेक्ट्रिक, लालभडक, चपटी, आत पोकळी नाही की काही नाही. मिरजेत आमची सगळी गल्ली सतारी आणि तंबोरे बनवणाऱ्यांची. माझ्या दोन्ही बाजूंना भोपळे टांगलेले होते, आणि मधे ही लाकडी फळी. मला हसू आलं. चोवीस वर्षांचा होतो, चार पिढ्यांचं दुकान पाठीशी होतं, आणि गिटार हे वाद्य आहे असं मला तेव्हा मनापासून वाटतच नव्हतं.

“आणखी एक आहे,” ती म्हणाली. “तिसऱ्या पडद्यावर तार दाबली की ती चौथ्याला लागते. आवाज मरतो. नवी वस्तू आहे, बारीकसारीक राहून गेलंय, एवढंच. चाचा आहेत का?”

तिला मी ओळखत होतो. एस्तेर हिवाळे. तिची आई दवाखान्यात नर्स होती, आणि अब्बांच्या पायाची जखम चिघळली तेव्हा रोज घरी येऊन पट्टी बदलून गेली होती. एस्तेर कॉलेजात होती, चर्चमधल्या जुन्या, साध्या पोकळ गिटारीवर वाजवायला शिकलेली.

“अब्बा धारवाडला गेलेत,” मी म्हणालो. “तिथल्या जुन्या गिऱ्हाइकांचे तंबोरे दुरुस्त करायला. दोन आठवडे लागतील.”

तिचा चेहरा उतरला. “मग उशीर होईल. पुढच्या रविवारी कोल्हापूरला जायचंय. तिथल्या ऑर्केस्ट्राला गिटारवाला हवाय. वाजवून दाखवायला बोलावलंय. मुलगी म्हटल्यावर आधी हसलेच ते, पण या म्हणाले.”

यावर शहाण्या माणसानं म्हटलं असतं, बाई, टोकं घासून देतो, पडद्याचं अब्बा आल्यावर बघू. अब्बांनी मला बजावलं होतं, गिटार आली तर तारा बदल, खुंट्या आवळ, पण पडद्यांना कानस लावू नको. सतारीचे पडदे दोऱ्यानं बांधलेले असतात, चुकलं तर सरकवता येतात. गिटारीचे लाकडात ठोकलेले असतात. तिथं घासलेलं परत येत नाही.

पण तिनं ‘चाचा आहेत का’ असं विचारलं होतं, आणि तेच मला झोंबलं. सहा वर्षं मी दुकानात बसत होतो. जवारीचं काम, म्हणजे सतारीच्या तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचं हाड घासून त्यांना गुंजायला लावणं, हीच आमच्या घराची ख्याती. ते मी करायचो खरा, पण शेवटचा हात अब्बांचा. वाद्याच्या आत नावाची चिठ्ठी डकवतात ती अब्बांच्या नावाची. गिऱ्हाईक दारात आलं की माझ्या डोक्यावरून आत बघणार आणि विचारणार, चाचा आहेत का.

“उद्या संध्याकाळी ये,” मी म्हणालो. “किरकोळ काम आहे.”

टोकं मी छान घासली, हे सांगायला हवं. आजही ती टोकं कुणी तपासावीत. मग मी चौथा पडदा घेतला. तो केसभर उंच होता. त्यावर कानस धरली आणि हात चालू लागला. हाताला सवय होती. हाडावर जसा सपाट, लांब, किंचित उतरता हात फिरवायचा तसाच तो त्या धातूवर फिरला. चौथा खाली आला तसा पाचवा उंच वाटू लागला, म्हणून तोही घेतला. मग तिसरा. तिन्ही एका पातळीत आले आणि आरशासारखे चकाकले. मी स्वतःवर खूष झालो आणि जेवायला घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती डब्याएवढा स्पीकर, तिच्या भाषेत अँप, घेऊनच आली. वायर जोडली, टोकांवरून बोट फिरवलं आणि हसली. “एकदम मऊ झालंय.” मग तिनं तिसऱ्या पडद्यावर तार दाबून छेडली.

झिणझिण आवाज आला. तिनं चौथ्यावर दाबलं, पाचव्यावर दाबलं, तिथंही तेच. प्रत्येक सुरामागं एक बारीक पत्र्यासारखी झिणझिण.

“हे असं नव्हतं,” ती म्हणाली.

मला पहिल्याच आवाजाला कळलं होतं की माझ्या कानशीनं काहीतरी बिघडलंय. काय बिघडलंय ते कळलं नव्हतं, पण कुणी बिघडवलं यात शंका नव्हती. तोंड उघडलं असतं तर एका वाक्याचं काम होतं.

त्याच क्षणी माझं लक्ष तिच्या डाव्या हाताकडं गेलं. करंगळीशेजारचं बोट मधल्या पेरापासून जरासं बाहेर वळलेलं होतं.

“हे काय झालंय बोटाला?”

“लहानपणी दारात सापडलं होतं. मोडलं होतं. का?”

“का काय! बोट वाकडं आहे. तार सरळ दबत नाही, कडेनं दबते. म्हणून झिणझिणतंय.”

“पण मी पहिल्या बोटानंही दाबून बघितलं आत्ता.”

“एक बोट वाकडं असलं की सगळा पंजा तिरका पडतो,” मी म्हणालो. इतक्या झटपट आणि इतकं पटेलसं मला दुसरं कधी काही सुचलेलं नाही.

“चर्चच्या गिटारीवर तर होत नाही असं.”

“ती साधी, पोकळ आहे. तिच्यात खपून जातं. इलेक्ट्रिक सगळं ऐकवते. आणि आधी चौथा पडदा आवाज मारत होता, त्यात तुझा दोष झाकला जात होता. आता पडदे बरोबर झाले, म्हणून दोष दिसायला लागला.”

तिनं बोट डोळ्यांसमोर धरलं आणि आजवर कधी न बघितल्यासारखं उलटंसुलटं करून बघितलं. मग म्हणाली, “तुमच्या घराण्याच्या कानापुढं आम्ही काय बोलणार, मुनीरभाई. तुम्ही म्हणताय तर असेल.” वायर गुंडाळून ती गेली.

मला वाटलं होतं विषय संपला. रात्री जेवण गेलं नाही, पण त्याचा दोष मी अम्मीच्या आमटीला दिला.

चार दिवसांनी ती पुन्हा आली. दुकानात सांगलीचे बेहेरे सर बसले होते. हे म्हातारे सतारवादक, अब्बांखेरीज कुणाला घोडीला हात लावू न देणारे. कार्यक्रम तोंडावर होता आणि अब्बा गावात नव्हते, म्हणून नाइलाजानं त्यांनी जवारी माझ्याकडून काढून घेतली होती. ते डोळे मिटून सतार छेडत होते. मी श्वास रोखून बसलो होतो.

“अरे मुनीर,” ते डोळे न उघडताच म्हणाले, “बापसे बेटा सवाई निघालास की!”

आणि दारात एस्तेर उभी. डाव्या हाताच्या तीन बोटांच्या टोकांना चिकटपट्ट्या लावलेल्या.

“मुनीरभाई, रोज पाच-पाच तास वाजवतेय. जोर देऊन दाबते, हलकं दाबते, बोट तिरकं करून बघते. झिणझिण जातच नाही. रविवार आलाच आता. काही करता येईल का?”

ती चटईच्या कडेला टेकली. डोळे सुजलेले होते. तेव्हाही वेळ गेलेली नव्हती. तीन दिवस हातात होते, चर्चची गिटार होती, मागून घ्यायला कुणाची तरी दुसरी मिळाली असती. चूक माझी आहे, दुसरी गिटार घेऊन जा, एवढं म्हटलं की ती सुटली असती. पण बेहेरे सरांनी डोळे उघडले होते आणि ते माझ्याकडं बघत होते.

“काय झालं?” त्यांनी विचारलं.

“काही नाही सर. हिचं बोट वाकडं आहे.” मग मी हसून तिला म्हणालो, “सरळ बोटानं तूप निघत नाही म्हणतात, तुझं तर आधीच वाकडं. तूप काढत जा, गिटार कशाला!”

बेहेरे सर खो खो हसले. मीही हसलो. एस्तेरही हसली, पाहुण्यांच्या घरी चहा सांडल्यावर हसतात तसं. मग उठली आणि म्हणाली, “बरं, बघते.”

मी तिला बोटांचा एक व्यायाम दाखवला. तो मी तिथल्या तिथं बनवला होता.

अब्बा धारवाडहून आले, मी काही बोललो नाही. महिना गेला, दुसरा गेला. एप्रिलमधल्या एका शनिवारी दुपारी हिवाळे सिस्टर दुकानात आल्या. हातात ती काळी पिशवी होती. मी आतल्या खोलीत भोपळा कापत होतो. मधे फक्त दाराचा कापडी पडदा होता, आवाज सगळा ऐकू येत होता.

“चाचा, गिटार ठेवून घ्या थोडे दिवस,” त्या म्हणाल्या. “तारा सैल करून ठेवायला एस्तेरनं सांगितलंय. दोन-तीन महिने वाजवायची नाही.”

“का ओ सिस्टर? नवी हाय की.”

“कोल्हापूरला नाही जमलं तिचं. आवाज स्वच्छ नाही म्हणाले. पण पोरीनं हट्ट धरला, जूनमध्ये परत बघा म्हणून. ते हो म्हणालेत. सोमवारी हाताचं छोटंसं काम आहे दवाखान्यात, ते झालं की मग ही लागेल तिला.”

हे मी ऐकलं. ऐकलं नव्हतं असं मी पुढं बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो, पण शब्द न् शब्द ऐकला होता.

सिस्टर गेल्या. अब्बांनी तारा सैल करण्याआधी सवयीनं एकदा छेडून बघितल्या. मोकळ्या तारा वाजल्या. मग दाबून वाजल्या. मग बराच वेळ काहीच वाजलं नाही. मी हातातली करवत थांबवली.

“मुनीर, भाईर ये.”

मी बाहेर आलो. अब्बांनी गिटारीची मान उजेडाकडं धरली होती आणि अंगठ्याचं नख तिसऱ्या पडद्यावरून फिरवत होते.

“ह्या पडद्यावर जवारी कुणी काढली?”

मी हातावरचा भोपळ्याचा भुसा झटकू लागलो.

“पडद्याची पाठ गोल असाय लागती. तार एका जागी टेकली पायजे, तर आवाज साफ. ह्यो बघ कसा सपाट केलाय, वर जरा उतार बी दिलाय. तार घासून निघणार, आणि गुंजणार. घोडीवर असता तर पाठ थोपटली असती. कुणी केलं?”

“मी.”

“ती वाजवून न बघताच घेऊन गेली?”

“बघितलं वाजवून.”

“मग काय म्हणालास?”

मी सांगितलं. हळू आवाजात, अर्धं जमिनीला आणि अर्धं अब्बांना. बोटाचं सांगितलं. तुपाचं सांगितलं नाही.

अब्बांनी गिटार चटईवर ठेवली. ते ओरडणारे नव्हते, ओरडले असते तर बरं झालं असतं. “चूक हुती रं,” ते म्हणाले. “माझ्या हातनं किती घोड्या वाया गेल्या तुला म्हाईत न्हाई. पण वाजवणाऱ्याच्या हाताला बोल लावायचा? त्येच्या मनात एकदा बसलं की आपला हात खोटा, तर त्यो माणूस संपला. ऊठ. आत्ताच्या आत्ता जा आणि सांग तिला.”

“अब्बा, रिकाम्या हातानं काय जायचं? आधी नीट करू या. गिटार घेऊनच जातो आणि सगळं सांगतो.”

“सांगायला गिटार कशाला लागती?”

“तेवढंच बरं दिसेल.”

अब्बांनी माझ्याकडं बघितलं, मग गिटारीकडं. बापच शेवटी, ढिले पडले. सोमवारचं काम याच बोटाचं असेल हे त्यांच्या ध्यानात आलं नाही, आणि मीही आणून दिलं नाही. “बरं. पण नीट झाली की त्याच दिवशी जायचं.”

त्यांनी भिंग लावून तिन्ही पडद्यांच्या पाठी बारीक त्रिकोणी कानशीनं गोल केल्या, आणि तेवढ्यासाठी पुढचे सगळे पडदे केसभर उतरवले. रविवार गेला, सोमवार गेला. मला घाई नव्हती. मंगळवारी दुपारी त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली.

हिवाळ्यांचं घर दवाखान्यामागच्या नर्स क्वार्टर्समध्ये होतं. दार सिस्टरनी उघडलं. एस्तेर खाटेवर उशीला टेकून बसली होती. डावा हात गळ्यात अडकवलेला, मनगटापर्यंत पांढरी पट्टी, आणि तिच्यातून करंगळीशेजारचं बोट पत्र्याच्या पट्टीच्या आधारानं ताठ वर उभं.

“मुनीरभाई!” ती खरोखर आनंदानं म्हणाली. “बघा, केलं एकदाचं.”

“काय केलं?”

“बोट. डॉक्टर म्हणाले लहानपणी वाकडं जुळलं होतं. काल परत मोडून सरळ केलं. आत तार घातलीय, ती महिन्यानं काढणार.”

सिस्टरनी स्टूल पुढं केलं. मी बसलो.

“डॉक्टर आधी नाहीच म्हणत होते,” सिस्टर सांगू लागल्या. “काही अडत नाही तर कशाला छेडायचं, सांधा आखडायची भीती असते म्हणाले. पण ही ऐकते का? मुनीरभाईंनी ऐकून सांगितलंय म्हणाली, त्यांचा कान चुकायचा नाही.”

“खरंच,” एस्तेर म्हणाली. “तुम्ही सांगितलं नसतं तर मी जन्मभर तशीच वाजवत बसले असते. तुमचे आभार मानायला दुकानात येणारच होते मी.”

सांगायचं वाक्य मी वाटेत तयार करून आणलं होतं. “एस्तेर, दोष तुझ्या बोटात नव्हता.” एवढंच. ते घशापर्यंत आलं. मग त्या ताठ बोटाकडं बघून मला वाटलं, आता हे सांगून तिला काय मिळणार? झालेलं तर झालं. उगाच पोरीला रडवायचं कशाला? तेव्हा मला ही दया वाटली. ती दया नव्हती, भीती होती, आणि ते मला त्याच वेळी माहीत होतं.

“गिटार कशाला आणलीत परत?” तिनं विचारलं.

“अब्बांनी जरा साफ केली. म्हटलं देऊन यावी.”

“द्या ना, बघू दे!”

तिनं गिटार मांडीवर घेतली. उजवा हात मोकळा होता, डावा गळ्यात. “मी छेडते, तुम्ही दाबा,” ती म्हणाली. “तिसरा पडदा. तीच जागा.”

मी वाकून तार दाबली. तिनं छेडली. अँप लावलेला नव्हता तरी त्या छोट्या खोलीत सूर अगदी स्वच्छ उमटला. चौथ्यावर दाबली, स्वच्छ. पाचव्यावर, स्वच्छ. कुठंही झिणझिण नाही.

“आई, ऐकलंस?” एस्तेर ओरडली. “बघ, सरळ बोटानं कसं वाजतं!”

सिस्टरनी मान डोलावली आणि चहा पुढं केला. मी तो चहा प्यायलो. बशीतली दोन बिस्किटंही खाल्ली, कारण खाल्ली नसती तर त्यांनी कारण विचारलं असतं.

ते बोट पुढं सरळच राहिलं, पण वाकलं नाही. डॉक्टर म्हणाले होते तसा मधला सांधा आखडला. तेलानं चोळून झालं, गरम पाण्यात बुडवून झालं, वर्षभर व्यायाम झाले. जूनमध्ये ती कोल्हापूरला गेली नाही, नंतरही नाही. मंगळवारी त्या स्टुलावर बसलो होतो तेव्हा हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर मी बोललो असतो, असं छातीवर हात ठेवून सांगायची माझी आजही हिंमत नाही.

घरी आलो तर अब्बा दुकानाच्या पायरीवर वाट बघत बसले होते.

“सांगितलंस?”

“हो.”

“सगळं?”

“हो.”

“काय म्हणाली?”

“आभार मानले माझे,” मी म्हणालो. त्या संध्याकाळी मी बोललेलं तेवढं एकच वाक्य खरं होतं.

अब्बांनी डोळ्यांना रुमाल लावला. “मोठ्या मनाची पोरगी,” ते म्हणाले. “आणि तू बी. दुसऱ्याच्या दारात जाऊन आपली चूक सांगायला छाती लागती. मला तुझ्या वयात न्हाई जमलं असतं.” मग ते आत गेले आणि कपाटातून एक लिफाफा घेऊन आले. आत कोऱ्या, छापील चिठ्ठ्या होत्या, वाद्याच्या आत डकवायच्या. त्यांच्यावर माझं नाव होतं. कधी छापून आणल्या होत्या देव जाणे.

“हात तुझा कवाच तयार हुता,” अब्बा म्हणाले. “मी माणसाची वाट बघत हुतो. उद्यापासनं शेवटचा हात तुझा.”

सहा वर्षं मी या चिठ्ठीची वाट बघितली होती. नको म्हणायला मला एक श्वास पुरला असता. मी लिफाफा घेतला, अब्बांच्या पाया पडलो. पुढं ते वारले तोवर, दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते ही गोष्ट सांगायचे, माझ्या पोरानं चूक कशी कबूल केली म्हणून, आणि मी शेजारी बसून खाली मान घालायचो. लोकांना तो विनय वाटायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एका तंबोऱ्याची जवारी स्वतः पुरी केली, माझ्या नावाच्या पहिल्या चिठ्ठीला डिंक लावला आणि ती आतून डकवली. अब्बा बघत होते. माझा हात जराही थरथरला नाही.